माझ्या मापाचा ट्रॅक्टर

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे, माफी असावी. चौथीनंतर लिहायचं कामच पडलं नाही.

भोरमध्ये एक चाचा घराच्या अंगणातच जुने छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. त्यांचं नाव मी लाजून कधी विचारलं नाही. डिझेलचा वास आला की ते अजून आठवतात.

आमचे हे वारल्यावर आमचा ट्रॅक्टर गोठ्यात पडून होता. धाकट्या दिरांना तो दुरुस्त करून विकायचा होता. मला ठेवायचा होता, पण बोलायचं धाडस नव्हतं. दिरांनी तो ओढून चाचांकडं नेला, तेव्हा मीही सोबत गेले.

चाचा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचे. आमचं इंजिन सुरू झालं तसं त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"मी," कशी कोण जाणे, मी बोलून गेले.

दीर हसले. "वहिनी, पाय तरी पोचंल का तुमचा?"

चाचा हसले नाहीत. "बसा ताई," म्हणाले. माझा पाय क्लचपासून वीतभर लांब राहिला. त्यांनी सीट पुढं घेतली, क्लचवर लाकडी ठोकळा बसवला आणि त्यावर जुन्या टायरचं रबर ठोकलं.

"ह्यो तुमच्या मालकांच्या मापाचा हुता, आता तुमच्या मापाचा झाला. पैसं भात झोडल्यावर द्या."

त्या वर्षी सगळ्या खाचरांची चिखलणी मीच केली. भात झोडल्यावर एकटी ट्रॅक्टर चालवत भोरला गेले आणि सगळे पैसे चाचांच्या हातात ठेवले. ते खिशात घालून चाचा खाली वाकले आणि क्लचवरच्या रबरावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"झिजलंय," ते खुशीत म्हणाले. "म्हंजे पाय पोचतोय."