जाऊबाईंच्या तळ्यातला लव्हाळा

माझ्या थोरल्या जाऊबाई लव्हाळ्याच्या चटया विणतात. तीस वर्षं झाली. वीण इतकी घट्ट, की वर तांब्याभर पाणी सांडलं तरी खालच्या फरशीला पत्ता लागत नाही. लव्हाळा कापायची रीतही ठरलेली. पाण्याच्या वर वीतभर बुंधा ठेवून विळा चालवायचा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. सासूबाईंनी हातावर चापट्या मारून शिकवलेलं ते.

मोठ्या तलावात मात्र आता लव्हाळ्याची काडी नाही. कुणीतरी आपल्या बागेच्या हौदातली जलपर्णी तिथे नेऊन टाकली. पहिल्या वर्षी जांभळी फुलं बघायला आम्ही बायका मुद्दाम वाट वाकडी करून जायचो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वर्षी पाणी दिसेनासं झालं. त्या हिरव्या गालिच्याखाली उजेड पोचेना, लव्हाळ्याचे कोंब कुजले, मासे मेले, बगळे दुसरीकडे गेले. काठावरच्या सतरा विणकर घरांपैकी चौदा घरांतले माग माळ्यावर चढले. जाऊबाईंचा माग चालू राहिला तो घरामागच्या तळ्यामुळे. आमच्या दोन खोल्यांएवढं तळं, पण लव्हाळा अजून होता.

मग सरकारी कार्यालयातून एक साहेब आले. जलपर्णीच्या देठांच्या टोपल्या विणा, तलावही साफ होईल आणि हाताला कामही मिळेल, असं त्यांचं म्हणणं. देठ कसा वाळवायचा, कसा चपटा करायचा, यावर तासभर बोलले. जाऊबाईंनी एकच विचारलं, की ही कुठून तोडली तर परत फुटते. त्याची काळजी तुम्ही नका करू, असं म्हणून साहेबांनी पुढचं चित्र दाखवलं.

जाऊबाईंनी नाही केली काळजी. चार भारे आणले आणि तीस वर्षं लव्हाळ्याला जे केलं तेच जलपर्णीला केलं. देठ विस्कटू नयेत म्हणून बुडखे तसेच ठेवून भारे मागच्या टाकीत भिजत घातले. दोन दिवसांनी बोळा काढून टाकीचं पाणी तळ्यात सोडलं. भिजवणाचं पाणी नेहमी तळ्यालाच द्यायचं, त्यावर लव्हाळा पोसतो. बुडख्यांना बोटभर पिल्लं फुटली होती, काही सुटून टाकीत तरंगत होती. ती त्या पाण्याबरोबर तळ्यात गेली. ती तिथे पसरत होती, तेव्हा जाऊबाई घरात वाळल्या देठांच्या टोपलीची कड वळवत बसल्या होत्या. टोपली देखणी झाली, याचा राग मला अजून येतो.

दोन महिन्यांनी मी गेले तर तळं जलपर्णीने भरलेलं आणि जाऊबाई कमरेएवढ्या पाण्यात. भाऊजी काठावर खुर्ची टाकून, यंत्र मागवायला हवं, असं सांगत होते.

"यंत्राला तुमचं तोंड जोडा," जाऊबाई म्हणाल्या, "दुपारच्या आत तळं मोकळं."

आम्ही दोघी कार्यालयात गेलो. साहेबांची बदली झाली होती. नव्या बाईंनी फाईल चाळून सांगितलं, की योजना सार्वजनिक तलावासाठी आहे, खाजगी तळं त्यात बसत नाही. भिंतीवर जाऊबाईंच्या टोपलीचा मोठा फोटो लावलेला, खाली ठळक अक्षरांत 'यशोगाथा'. जाऊबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तलाव साफ झाला का हो?" बाईंनी दुसरी फाईल उघडली.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या मधोमध बांबू रोवून जाऊबाईंनी जाळी ताणली. पलीकडचा भाग सोडून दिला. अलीकडे रोज सकाळी दोन तास वेचायचं. जाळीखालून काहीतरी येतंच. महिन्याला चार चटया व्हायच्या, आता जेमतेम दोन.

"मी विणकर होते गं," परवा त्या म्हणाल्या, "आता या जलपर्णीची मोलकरीण झालेय."

धीर द्यायचा म्हणून मी पदर खोचून पाण्यात उतरले आणि भराभर पानं ओरबाडू लागले. जाऊबाईंनी माझ्या हातातली मूठ उघडून पाहिली.

"नुसती पानं तोडून मला खूश करू नकोस. बुडख्यासकट ओढ."

ऊन डोक्यावर येईपर्यंत ओढत होतो. त्या दिवशी मागावर काही चढलं नाही.