साडूंची काकवी

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचे धाडस साठी उलटल्यावर, तेही भीतभीत करीत आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु माझ्या साडूंविषयी कोणीतरी लिहायलाच हवे. दुकानात मिळणारी प्रत्येक वस्तू घरी करता येते, यावर त्यांच्याइतकी निष्ठा असलेला माणूस सोलापुरात दुसरा नसावा. नवी पेठेत ते जातात ते वस्तू हुंगून परत ठेवण्यासाठी. त्यांच्या घरगुती साबणाने धुतलेले हात पुन्हा धुवावे लागतात. त्यांनी वळलेली उदबत्ती लावली तेव्हा आम्ही सारे अंगणात येऊन बसलो. देव तेवढे आत राहिले.

मध्यंतरी ते लेकीकडे कॅनडाला राहून आले आणि मेपल सिरप शिकून आले. परसातल्या मेपलच्या झाडाला भोक पाडायचे, बादली अडकवायची आणि थेंबाथेंबाने जमलेला, पाण्यासारखा रस तासन्‌तास आटवायचा. सोबतीला लहानगी नात. तिला मराठी येत नाही, साडूंना तिचे इंग्रजी कळत नाही. पण रस उकळून वर येऊ लागला की दोघेही श्वास रोखून पाहत. तेवढेच त्यांचे संभाषण.

सोलापुरात मेपल कुठला? ऊस मात्र आहे. दर रविवारी सकाळी साडू रसवंतीतून उसाचा रस आणतात आणि गच्चीवर शेगडी पेटवून काकवी आटवू लागतात. समोर विटांवर मोबाइल. त्यात तिकडच्या शनिवारी रात्री हट्टाने जागी राहिलेली नात. पहिल्याच खेपेला फेस कढईबाहेर आला, शेगडी विझली आणि नात खदखदून हसली. "आबा, गेलं," ती म्हणाली. आईकडून ऐकलेला 'गेलं' हा शब्द तिने प्रथमच त्यांच्याशी बोलताना वापरला होता.

"अहो, काठाला तेलाचं बोट फिरवा की," माझी मेहुणी म्हणाली. "लई शिकून आलात कॅनडातनं."

पुढच्या रविवारी साडूंनी तसे केले. फेस काठापर्यंत येऊन शहाण्यासारखा खाली बसला. काकवी मधासारखी सुरेख झाली. नात मात्र मध्येच उठून गेली. मोबाइलमध्ये रिकामी खुर्ची दिसत होती आणि साडू ढवळत होते.

त्यानंतर त्यांच्या हातून काकवी कधी नीट झाली नाही. एका रविवारी मी तिथे होतो. फेस चढू लागला. न राहवून मी म्हणालो, "तेल लावायचं राहिलं वाटतं."

"असू द्या की, सर," साडू हळूच म्हणाले.

मेहुणीने तेलाची वाटी उचलली. मला वाटले, आता ती बोट फिरवणार. तिने ती मोबाइलला दिसणार नाही अशी पदराआड धरली आणि दुसऱ्या हाताने फरशी पुसायचे फडके जवळ ओढले.

हल्ली नात दर रविवारी येतेच असे नाही. तिला शाळा आहे, मैत्रिणी आहेत. साडू रस आणतात, बराच वेळ फोनची वाट पाहतात, आणि शेगडी न पेटवताच तो रस आम्हाला प्यायला देतात. शेजारी मला विचारतात, "तुमच्या साडूंना अजून काकवी जमत नाही का हो?"

आपण असता, तर काय सांगितले असते?