काचेपलीकडची परीक्षार्थी

तिला सगळे तोफ म्हणत. अर्थात पाठीमागे; तोंडावर मॅडम. मानसशास्त्रज्ञ म्हणून तिची अर्धी हयात गेली होती. एम.ए. करून समुपदेशक व्हायला निघालेल्या पोरापोरींना वर्षभर हाताखाली घ्यायचं, तावूनसुलाखून बघायचं आणि मगच त्यांच्या नोंदणीवर सही करायची, हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. नोंदणी देणाऱ्या परिषदेतले बाकीचे मानसशास्त्रज्ञ एम.ए.वाल्यांचं नाव काढलं की नाक मुरडायचे. दोन पुस्तकं चाळून ही मंडळी माणसांच्या डोक्यात हात घालणार, म्हणायचे. तोफ त्यांच्यावर तुटून पडायची. "तुमची वेळ मिळेपर्यंत तिकडे बायकांची डोकी फुटतात. ही पोरं हवीतच. फक्त माझ्या हातून तयार झालेली हवीत."

हातून म्हणजे अगदी हातून. नवखी असताना एका माणसाने तिचं डोकं टेबलावर आपटलं होतं आणि ती नुसती आ वासून बसली होती. ती लाज तिच्या हाडात मुरली. आपल्या पोरांवर तशी पाळी येऊ द्यायची नाही म्हणून तिने शेवटची परीक्षा स्वतःच्या डोक्याने रचली. एका खोलीत संतापलेला माणूस, समोर समुपदेशक आणि आतून आरशासारख्या दिसणाऱ्या काचेपलीकडे बघणारे. संतापलेला माणूस बहुतेक वेळा तीच व्हायची. खुर्च्या फेकायची, मनगट पिरगाळायची, कुणी "मॅडम, दुखतंय" म्हणालं तरी सोडायची नाही. घंटा होईपर्यंत काचेपलीकडच्याने दार उघडायचं नाही, हा नियम. कुणी जिवाच्या आकांताने ओरडलं तरी नाही. जरा आवाज चढला की कुणीतरी धावत येतं अशी सवय लागली, तर ही पोरं जन्मात एकटी उभी राहणार नाहीत, असं तिचं म्हणणं. कुणी विरोध केला नाही. सही तिचीच लागायची ना!

या नियमापायी एक मुलगी नापास झाली होती. स्वभावाने मऊ, म्हणून तोफेने तिचं नाव कापूस ठेवलेलं. पहिल्या खेपेला तोफ जमिनीवर पडून "मेले, वाचवा!" म्हणून किंचाळली आणि कापूस दार ढकलून आत आली. तोफ कपडे झटकत उठली. "नापास. नाटकाला भुलणारी माणसं मला नकोत." कापसाचं वर्ष गेलं. ठरलेली नोकरीही गेली.

दुसऱ्या खेपेला तोफेने एक नट बोलावला होता. बायको घर सोडून गेलेल्या नवऱ्याचं सोंग त्याने करायचं, आधी तोफ त्याला हाताळून दाखवणार, कापूस काचेमागून टिपणं काढणार आणि घंटा झाली की तिची पाळी. बाहेरच्या कारकुनाला सांगून ठेवलं होतं, एक माणूस तणतणत येईल, त्याला सरळ आत सोड.

माणूस तणतणत आला. कारकुनाने हसून दार दाखवलं. आत येताच त्याने कडी लावली.

"बायको कुठाय माझी?"

बेणं कसलेलं दिसतंय, तोफेला वाटलं. ती खुर्चीत जराशी तिरकी बसली, हात मांडीवर उघडे ठेवले, आवाज खाली आणला. सगळं कसं पुस्तकात छापावं असं. "तुम्ही फार त्रासात आहात. बसा ना."

त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. नट हात आवरता घेतो. हा आवरला नाही. तिच्या तोंडात रक्त आलं. "अरे, हळू," ती पुटपुटली, "एवढं खरं नको."

"खरं नको? तूच पळवलीस ना तिला? पत्ता बोल!" आणि त्याने बायकोचं नाव घेतलं. त्या नावाच्या बाईला तोफेनेच गेल्या आठवड्यात पळून आलेल्या बायकांच्या आसरागृहात पोचवलं होतं.

तोफेने उठायचा प्रयत्न केला. त्याने केस धरून तिला भिंतीवर आपटलं. खुर्ची उचलून पाठीत घातली. ती पडली तसा बुटाने बरगड्या तुडवू लागला. समोरच्या काचेत तिला स्वतःचंच सुजलेलं तोंड दिसत होतं. त्या तोंडामागे कापूस बसली आहे, शब्दन् शब्द ऐकते आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दार उघड!" ती ओरडली. "खरंच मारतोय गं हा!"

काच ढिम्म.

त्याने तिचा हात मनगटावर पाय देऊन मोडला. "पत्ता!" तिने पत्ता दिला नाही. मग तिला सुचलं, की परीक्षेत कधीच म्हटलं नाही असं काहीतरी म्हणायला हवं. ती सगळा जीव गोळा करून किंचाळली, "पोरी, तू पास! संपली परीक्षा! ये!"

कुणी आलं नाही. पुढची लाथ जबड्यावर बसली आणि बोलणंच संपलं.

तेवढ्यात बाहेरून दाराला धडका बसायला लागल्या. कडी निखळली आणि कापूस आत घुसली. तिच्यामागे एक अनोळखी, घामाघूम माणूस होता. तो खरा नट. यायला उशीर झाला म्हणून माफी मागत तो काचेमागच्या खोलीत शिरला होता. कापसाने तीच खुर्ची उचलून नवऱ्याच्या टाळक्यात घातली. तो पडला तरी ती घालत राहिली. नटाने तिला कमरेला धरून मागे ओढलं.

इस्पितळात तोफेचा जबडा तारांनी आवळला होता आणि एक हात प्लास्टरमध्ये. कापूस भेटायला आली. बसली नाही.

"तुम्ही पास म्हणालात ना, तेव्हा मी टिपण काढलं, हाही सापळा," ती म्हणाली. "बरगड्यांचा आवाज आला, तेही लिहिलं. अभिनय उत्तम, असं. मॅडम, मला तुमची सही नको. मी माझं नाव काढून घेतलंय."

तोफेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला सांगायचं होतं, जाऊ नकोस, चुकलं माझं, तू पहिल्यापासून बरोबर होतीस. तोंड उघडेना. कापूस वळली, तशी तोफेने चांगल्या हाताने तिचं मनगट पकडलं.

"सोडा, मॅडम. दुखतंय."

तोफेने सोडलं नाही. उलट, इतक्या वर्षांच्या सवयीने तिची बोटं आणखी घट्ट झाली. कापूस ओढाओढ न करता तिच्याकडे नुसती बघत उभी राहिली. मग कुठे तोफेची नजर स्वतःच्या हाताकडे गेली आणि तिने पकड सोडली.

कापसाच्या मनगटावर चार बोटं लालभडक उमटली होती. तिने बाही खाली ओढली आणि ती निघून गेली.