दशरथ मिस्त्रींची चूक

दशरथ मिस्त्री गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. "काका, आबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले. देवळाली प्रवऱ्यात त्यांच्या दारी जमलेले लोक सांगत होते की मिस्त्रींना नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं कळायचं, त्यांचं निदान कधी चुकलं नाही. मी ऐकत होतो. एकदा चुकलं होतं, आणि ते माझ्याच बाबतीत. त्या चुकीनंतर ते जसे वागले, त्यामुळेच मी पुढं तीस वर्षं ड्रायव्हरकी करू शकलो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी एका डॉक्टरांच्या जीपवर ड्रायव्हर होतो. डॉक्टरसाहेब दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी घोडेगावला रोगी तपासायला जात. त्या साली चारा नव्हता, त्यामुळं विकायला आणलेल्या जनावरांनी भरून बाजार रस्त्यापर्यंत येऊन भिडला होता. साहेबांना सोडून मी जीप सावलीला लावायला निघालो. वाटेत ओढ्याची उतरण होती. पलीकडचा चढ चढायला पहिल्या गिअरमध्ये जोर दिला, आणि वर आल्यावर एक्सिलेटरवरचा पाय उचलला. इंजिनाचा आवाज उतरलाच नाही, उलट वाढला. गाडी आपली आपण पळायला लागली. मी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभा राहिलो, तरी ती ओढत राहिली. बैल उधळले, माणसं ओरडली, आणि जीप पारूबाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन आदळली. इंजिन गचका देऊन बंद पडलं. टपरीच्या फळ्यांखालून पारूबाईचा एक पाय दिसत होता, भलत्याच बाजूला वळलेला.

पाय दोन जागी मोडला होता. डॉक्टरांनीच तो बसवला. मी ज्याला त्याला सांगत होतो की मी पाय उचलला होता, गाडी आपसूक पळाली. हवालदारानं माझं तोंड हुंगून पाहिलं. गाडी ओढून मिस्त्रींच्या गॅरेजात आणली. सगळ्यांसमोर त्यांनी कार्बोरेटर उघडला, स्प्रिंग बघितली, पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतची सळई हलवून बघितली, इंजिन चालू करून दहा-वीस वेळा एक्सिलेटर दाबला. पाय काढला की तो मुकाट्यानं वर येई. मिस्त्रींनी माझ्याकडं न बघता चिठ्ठी लिहिली, 'गाडीत दोष नाही.'

मग दोष कुणात, हे वेगळं लिहायची गरज नव्हती. माझी नोकरी गेली. लोक म्हणत, गडबडीत ब्रेक समजून एक्सिलेटर दाबला असेल. पुढच्या आठ दिवसांत मलाही तसंच वाटायला लागलं. डोळे मिटले की पायाखाली नेमकं कुठलं पेडल होतं ते आठवून बघायचो, आणि दर वेळी वेगळंच आठवायचं...

नवव्या दिवशी दुपारी मिस्त्री सायकलवरून दारात आले. पाणीही घेतलं नाही. "बबन, चल. गाडीत बसायचंय."

"मी आता गाडीला हात लावणार नाही," मी म्हणालो.

"लावाया लागंल. बॉनेटला आतून ताजा ओरखडा हाय, इंजिनावरचा एअर क्लीनर घासल्याचा. बॉनेट तर कुटं चेपलं न्हाई. मग इंजिन वर कसं आलं?"

गॅरेजच्या मागं चिंचेचं झाड होतं. मिस्त्रींनी जीपचा मागचा हूक जाड साखळीनं बुंध्याला बांधला, बॉनेट काढून ठेवलं आणि स्वतः इंजिनाशेजारी वाकून उभे राहिले. मी स्टिअरिंगवरून म्हणालो, "मिस्त्री, लांब व्हा. साखळी तुटली तर?"

"लांबून दिसायचं न्हाई. पयला गिअर टाक. क्लच हळू सोड, आनि जोर दे."

साखळी ताणली. इंजिनावर ताण आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते एका बाजूनं उचललं गेलं, झोपलेलं जनावर खांदा वर काढतं तसं. त्याबरोबर सळई ओढली गेली. मी पाय काढला. आवाज चढतच गेला, चाकं माती उडवायला लागली, साखळी करकरली. मी ब्रेक दाबला, तसं इंजिन आणखीच वर आलं. "मिस्त्री!" मी ओरडलो. ते हलले नाहीत. त्या धुरळ्यातून त्यांचा आवाज आला, "क्लच दाब! क्लच!" मी दाबला. इंजिन धपकन खाली बसलं, आवाज उतरला, सगळं पहिल्यासारखं. इंजिन ज्या रबरावर बसतं ते तेलानं कुजून आतून फाटलं होतं. उभ्या गाडीत ते जागेवर दिसे. ओझं आलं की इंजिन वर उचललं जायचं, सळई ओढायचं, आणि सळई ओढली की आणखी जोर धरायचं.

मी खाली उतरून मातीत बसलो. मग विचारलं, "त्या दिवशी क्लच दाबला असता तर..."

मिस्त्रींनी हात पुसले. "तर थांबली असती. खोटं कशाला सांगू? पन ते मलाबी आत्ताच कळलं. आनि म्हैन्यापूर्वी ह्याच गाडीची तेलगळती मी काढली हुती. तवा हे रबर बघाया पायजे हुतं. न्हाई बघितलं."

नवं रबर नगरहून आणून बसवलं, इंजिन उचललं जाऊ नये म्हणून वर पोलादी पट्टाही टाकला. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, फाटकं रबर हातात घेऊन ते मला डॉक्टरांकडं घेऊन गेले आणि बसलेल्या रोग्यांसमोर म्हणाले, "साहेब, माजी चिठ्ठी चुकीची हाय. ह्या पोराची चूक न्हाई, माजी हाय." डॉक्टरांनी मला परत ठेवलं. मिस्त्रींकडं मात्र ती गाडी पुन्हा कधी पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही घोडेगावला गेलो. पारूबाई बाजेवर पडली होती. मिस्त्रींनी तिला रबर दाखवून सगळं समजावलं. ती रबराकडं न बघता माझ्याकडं बघत होती. "पाय तर माजाच मोडला न्हवं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बस की बाबा. उबा का?"

त्यानंतर मिस्त्रींनी 'गाडीत दोष नाही' असं कुणालाही लिहून दिलं नाही. 'मला दोष सापडला नाही' असं लिहीत. लोक हसायचे, म्हणायचे, मिस्त्री, दोन्ही एकच की. ते म्हणायचे, "न्हाई, लई फरक हाय."

त्यांच्या दहाव्याहून परत येताना माझा मुलगा गाडी चालवत होता. मी शेजारी. एका चढावर त्यानं जोर दिला, इंजिनाचा आवाज वाढला आणि माझा डावा पाय समोरच्या रबरी चटईवर घट्ट दाबला गेला. त्यानं पाहिलं. "दादा, तिथं क्लच नाहीये."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. चढ संपेपर्यंत पाय तसाच दाबून धरला होता...