खापर मांडीवर घेऊन केलेली सही

“मी काही नानाना पाय धरनार नही, माय. सही करनी व्हई ते करतीन. नही ते मी ऱ्हासू एखादा देऊळमा. तठे बी पंखा ऱ्हास.”

“देऊळमा पंखा देवले ऱ्हास, तुले नही. गप पीठ तिंब.”

झुंबर गप पीठ तिंबू लागली. म्हणजे तोंड गप, बाकी सगळं अंग बोलत होतं. तिच्या आईला, कमलबाईंना, त्या दिवशी धुळ्याला, देवपुरात, मांड्यांची ऑर्डर होती. लताबाई म्हणून एक बाई, त्यांच्याकडे व्याही जेवायला यायचे होते. आता व्याह्यांपुढे साधी पोळी ठेवली म्हणून आमच्या खानदेशात सोयरीक मोडत नाही, पण पुढची वीस वर्षं ते ऐकवलं जातं. मांडा म्हणजे पुरणाचीच पोळी, पण लाटायची नाही. दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झुलवत झुलवत उपरण्याएवढी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. वाटेत फाटली की झालं. गावात हे जमणाऱ्या बाया आता तीनच उरल्यात. चौथी झुंबर.

झुंबरचं वय चोवीस. शाळेच्या दाखल्यावर मुलगा लिहिलंय. ती मुलगी आहे हे तिनं घरी सांगितलं ते जळगावहून, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, फोनवर. सांगायच्या आधी चार दिवस ती जेवली नव्हती. कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते माले कसाले सांगस? माले काय डोया नही का?” मग फोन वडिलांकडे, नानांकडे दिला. नाना म्हणाले, “आवाज येत नही,” आणि ठेवून दिला. आवाज चांगला खणखणीत येत होता, शेजारच्यांनाही येत होता.

नवं नाव काय घेते याची कॉलेजातल्या मैत्रिणींना फार उत्सुकता. कोणी रिया सुचवलं, कोणी काव्या. हिनं घेतलं झुंबर. मेलेल्या आजीचं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “घरातल्या सगळ्या भांड्यांवर झुंबरबाई कोरलेलं आहे. रियासाठी नवी भांडी कुठून आणू?”

जळगावला ती हिवाळाभर एका भरीत सेंटरवर वांगी भाजायची आणि सोलायची. त्यामुळं सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर तिचे काळे अंगठे उमटलेले असत. चळवळ तिनं तिथंच सुरू केली, आणि चळवळीची पहिली मागणी होती संडास. मुलांच्या संडासात मुलं जाऊ देत नव्हती, मुलींच्या संडासात शिपाईमावशी. ती सकाळी आठपासून चारपर्यंत कळ काढायची. प्राचार्यांना तिनं चौदा अर्ज दिले. चौदाव्याला प्राचार्यांनी स्टाफच्या संडासाची किल्लीच तिच्या हातात ठेवली, म्हणाले, “ही घे, पण आता अर्ज नको.” तिनं पंधरावा दिला. किल्ली एकटीला नको, कुलूपच काढा, म्हणाली. कुलूप निघालं. तिच्या मागून आलेल्या दोघातिघांचं भलं झालं. तिला मात्र एक खोड लागली. कुठंही, कोणाशीही, ती “मुद्दा असा आहे की” म्हणून सुरुवात करते आणि समोरचा माणूस बसायला जागा शोधतो. एकदा गावात शेळीनं वाळत घातलेलं पुरणाचं फडकं ओढलं, तर शेळीलाही तिनं मुद्दा समजावला असं कमलबाई सांगतात.

मग सत्कार सुरू झाले. महिला दिन आला की झुंबर, युवा दिन आला की झुंबर. शाल, नारळ, भाषण, फोटो. तीन वर्षांत नऊ शाली झाल्या. धुळ्याच्या कॉलेजात समाजकार्याच्या वर्गाला ती आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहावी मिळाली. होस्टेलची खोली मात्र मिळाली नाही. झुंबर म्हणायची, “पांघरायला दहा आहेत, अंथरायला जागा नाही.”

आणि जागेवाचून अडलं होतं. दुसऱ्या वर्षाला वस्तीत जाऊन काम करायचं असतं, ते चालतं संध्याकाळी सातपर्यंत. तिच्या गावाची शेवटची गाडी साडेपाचला. रोज अर्ध्यातून उठायचं, पळायचं. डिसेंबरात विभागप्रमुखांनी हजेरीचा कागद समोर ठेवला आणि म्हणाले, “अशीच राहिली तर परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही.” पाच वर्षांचं शिकणं शेवटच्या चार महिन्यांत वाहून जायची वेळ. नेमकी जानेवारीत मुलींच्या होस्टेलला एक कॉट रिकामी झाली. रेक्टर मॅडम म्हणाल्या, “तुझं सरकारी ट्रान्सजेंडर कार्ड आहे, कायद्यानं हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण वडिलांनी समक्ष येऊन लिहून द्यायचं. आईचं चालणार नाही. आई सही करते आणि आठ दिवसांनी वडील येऊन भांडतात, हे मी फार पाहिलंय.” मुदत बुधवारपर्यंत.

आज बुधवार होता.

नाना जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात. रागीट मुळीच नाहीत. सहीचा विषय निघाला की ते उठून म्हशीला पाणी दाखवतात, एवढंच. पंधरा दिवसांत म्हशीनं फार पाणी पाहिलं.

तेव्हा कमलबाईंनी आदल्या दिवशी जाहीर केलं, की या खेपेला दोन खापरं लागतील आणि त्यांना काही दोन उचलणार नाहीत.

“इतला मांडा कोन खाई?” नाना म्हणाले.

“व्याही खातीन.”

नानांना काय ते कळलं. पण खापर म्हटल्यावर नाही म्हणता येईना. गाठी बांधणारा माणूस, वजनाला भितो असं कसं म्हणून घेणार?

गाडीत कमलबाई आणि झुंबर एका बाकावर, मध्ये पिठाचा डबा. नाना मागं, गोधडीत गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन. दुसरं खापर पायाशी. कंडक्टर रोजचा. त्यानं झुंबरला बायांचं अर्धं तिकीट फाडून दिलं. शेजारच्या बाकावरचा एक टोपीवाला मात्र खवळला.

“हाऊ कोनती बाई वं? आम्हले पुरं आन हाऊले अर्धं?”

झुंबरनं घसा साफ केला. “भाऊ, मुद्दा असा आहे की...”

“मुद्दा ऱ्हाऊ दे,” कमलबाई म्हणाल्या. “भाऊ, तुम्हीन काढं का टिकीट?”

टोपीवाल्यानं काढलं नव्हतं. कंडक्टर वळला आणि गाडी हसली. नाना खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या मोजल्यासारखे बघत राहिले. आपल्या घरचं कोणी या गाडीत नाही, असा त्यांचा चेहरा.

धुळ्याला होस्टेलच्या फाटकाशी आल्यावर नाना कडुलिंबाखाली बसले.

“तुम्ही जा मझार. खापर कोन सांभाळी?”

“खापर बी लया,” कमलबाई म्हणाल्या. “पाहुनं शे का ते, बाहेर बसाडाले?”

अशा रीतीनं नाना रेक्टरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि खापर त्यांच्या मांडीवर बसलं. दुसरं दाराशी.

रेक्टर चेलना मॅडम. वडिलांचं कापडाचं दुकान. माल दाखवताना हसायचं आणि पावती करताना चष्मा लावायचा, हे त्या घरूनच शिकून आलेल्या. त्यांनी चष्मा लावला.

“काका, ते खाली ठेवा ना.”

“नको. फुटी जाई.”

“बरं. तर तुम्ही लिहून द्यायचं, की ही तुमची मुलगी आहे.”

नाना खापराकडे बघू लागले. झुंबरनं फाइल उघडली. फाइलीत अठरा कागद होते, लाल-पिवळ्या चिठ्ठ्या लावलेले. रात्रभर तिनं पाठ केलं होतं.

“मॅडम, मुद्दा असा आहे की दोन हजार एकोणीसच्या कायद्यात...”

“तू थांब. तो कायदा मला पाठ झालाय, तुझ्यामुळंच. मला यांच्याकडून ऐकायचंय.” मॅडमनी दाखल्याची झेरॉक्स पुढं ओढली. “काका, स्पष्ट बोलते, राग मानू नका. इथं नाव लिहिलंय नथ्थू, आणि लिंग पुरुष. आज तुम्ही सही कराल. उद्या येऊन म्हणाल, मला काही माहीत नाही, मी तर खापर उचलायला आलो होतो. मग मी काय करायचं?”

कमलबाईंनी छताकडे पाहिलं.

नाना आता उठतील आणि पाणी दाखवायला म्हैस शोधतील, असं झुंबरला वाटलं. नाना उठले नाहीत. बोलले ते खापराकडे बघतच.

“मॅडम, नथ्थू कसाले नाव ठेवं, म्हाईत शे?”

“नाही.”

“हाईना पयले दोन पोऱ्या गयात मन्हा. एक दिढ महिनाना, एक सात दिनना. मंग हाई व्हयनी. मन्ही माय बोलनी, आंडोर शे असं सांगानं नही, नजर लागस. नाक टोचं, नथ घाली, म्हनीसन नथ्थू. झगा घाला, येन्या घाल्यात. कोनी इचारं ते सांगानं, आंडेर शे.”

आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. मॅडम धुळ्याच्याच, त्यांना कळलं. त्यांनी झुंबरच्या नाकाकडे पाहिलं. कमलबाईंनी छताकडे पाहणं सोडलं.

“पाच साल,” नाना म्हणाले. “नर्सबाईले सांगं, आंडेर शे. जत्रामा फोटोवालाले सांगं. गावले बठ्ठं म्हाईत व्हतं खोटं शे. तरी बठ्ठासनी मानं. कसं बी करीसन जगाले पाह्यजे ना पोरगं.”

इतकं लांब नानांना कोणी बोलताना ऐकलं नव्हतं. कमलबाईंनीही नाही, आणि त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झालीत.

मॅडमनी हळूच विचारलं, “मग त्या झग्यामुळंच का ही...”

“नही. मन्हा भाऊना पोऱ्याले बी घाला व्हता. सहा साल. तो आते कुस्त्या खेयस. मिशा इतल्या शेत.” खापर सांभाळत नानांनी एका हातानं मिशांचं माप दाखवलं. “झगाघाई काही व्हस नही.”

नाना आता पहिल्यांदा वर बघत म्हणाले,

“पाच साल मी खोटं सांगं, मॅडम. एक मानुसनी कागद मांगा नही. आते खरं सांगी ऱ्हायनू, ते तुम्ही कागद मांगतस.”

पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी बादली आपटली. चेलना मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, कारण पावती तर करायचीच होती. त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आणि कागद पुढं सरकवला. नानांनी अक्षर अक्षर लावून ती वाचली. ‘ही माझी मुलगी आहे.’ सावकाश वाचली, गाठीवरचा आकडा वाचतात तशी.

“बराबर शे,” म्हणाले, खापर डाव्या कुशीत घेतलं आणि सही केली. खापराची काजळी गोधडीतूनही बोटांना लागली होती, ती कागदाच्या कोपऱ्यावर उमटली. मॅडमनी कागद बदलला नाही.

झुंबर फाइल मांडीवर घेऊन तशीच बसलेली. अठरा कागदांतला एकही लागला नव्हता. रडू येतंय की राग येतोय हे तिला ठरवता येईना. थोडा राग नक्की होता, भाषण वाया गेल्याचा.

“सोमवारपासून ये,” मॅडम म्हणाल्या. “खोलीत आणखी तिघी आहेत, त्यांना मी विचारलंय. एकीनं विचारलं, तिला स्वयंपाक येतो का. आठनंतर बाहेर जायचं नाही. आणि खोलीत भाषणं द्यायची नाहीत, मुलींच्या परीक्षा आहेत.”

“मॅडम, मुद्दा...”

“झुंबर.”

“बरं मॅडम.”

फाटकाबाहेर आल्यावर ती नानांच्या मागं मागं चालू लागली.

“नाना.”

“काय?”

“काही नही.”

“मंग पाय उचल. पीठ सैल व्हई जाई.”

लताबाईंच्या अंगणात पोचेपर्यंत बारा वाजून गेले. चूल मांडलेली, पुरण वाटून ठेवलेलं, आणि लताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“अकराला यायचं सांगितलं होतं, कमलबाई. व्याही येऊन बसले. दुसऱ्यांदा चहा झाला त्यांचा.”

“कॉलेजमा काम व्हतं. पोरले होस्टेल मियनं, आठेच, धुयामा.”

लताबाईंचे हात कमरेवरून खाली आले. “म्हणजे ही आता धुळ्यातच राहणार? मग रविवारी माझ्या नणंदेकडे येशील का गं? तीस मांडे. गावाहून यायची वाट बघावी लागते म्हणून ती बोलवत नाही.”

“वस्तीवरचं काम सांभाळून येईन, मावशी,” झुंबर म्हणाली. “आठच्या आत परत सोडायचं मात्र.”

नानांनी चुलीत पऱ्हाट्या सारल्या आणि फुंकर घातली. खापर तापलं. झुंबरनं बाह्या कोपरावर सारल्या, हात ओले केले, पहिला गोळा उचलला. तीन झोके नीट गेले, चौथ्याला मांडा मधोमध फाटला आणि पुरण तिच्या मनगटावर आलं.

“ध्यान कोठे शे तुनं?” कमलबाई म्हणाल्या.

“आठेच शे.”

फाटलेला मांडा तिनं खापराच्या कडेला भाजून नानांच्या हातावर ठेवला. नानांनी तो दोन घासांत संपवला आणि जाळ थोडा मागं ओढला. आतून व्याह्यांच्या खोकण्याचा आवाज आला. झुंबरनं हात पुन्हा ओले केले आणि दुसरा गोळा घेतला.