गंगेच्या मातीवर घातलेली वाट

गंगेकाठचं, दुर्गाघाटावरचं घर आम्ही सोडलं ते एवढ्याचसाठी, की गाडी दारापर्यंत यावी. ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून चौघं जण ह्यांना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचे. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, आपल्याच विद्यार्थ्यांच्या दारांवरून असा जायचा. हे डोळे मिटून घ्यायचे.

शहराबाहेर घर घेतलं. फाटकापासून दारापर्यंत नुसती भुसभुशीत माती होती, तिच्यावर गाडीची वाट करायची होती. खडी घालणारा गिट्टीवाला म्हणाला, “माताजी, माटी निकलवाइए, नीचे मोटी गिट्टी, ऊपर महीन, फिर रोलर।” फोडलेल्या खडीच्या कडा एकमेकींत अडकून बसतात, गोल गोटे घरंगळतात, हेही त्यानं समजावलं. पण मी ऐकते होय! आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला दगड शिकवतोस का, असं वर त्याला सुनावलं. अहो, दगडावर नुसते चाललो होतो, घातला कुणी होता? गाडीची वाट तर आमच्या सात पिढ्यांत कुणाला लागली नव्हती.

ह्यांच्या पायांना सूज, चपला चढत नाहीत. टोचरी खडी कशी सोसायची, म्हणून मी गुळगुळीत गोटे निवडले. खाली भरायला पुरानंतर घाटावर साचते ती गंगेची माती ट्रॉलीभर आणवली. नदी सुटली, निदान तिची माती पायाखाली असू दे. हे म्हणाले, “अगं, तो रोज हेच काम करतो, त्याचं ऐक.” “तुम्ही गप्प बसा,” म्हटलं मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. ह्यांना गाडीत बसवलं, गाडी हलली आणि मागची चाकं रुतली. गोटे उडाले, खालचा गाळ वर आला. शेवटी शेजारचे चौघं आले. पुन्हा खुर्ची! एकाचा पाय घसरला आणि हे चिखलात पडले. धोतर सावरायला धडपडत होते. कुणी हसलं नाही. डायलिसिसच्या पुढच्या दोन्ही वारीही ह्यांना तसंच न्यावं लागलं.

मग मी गिट्टीवाल्यापुढे हात जोडले. त्यानं एका शब्दानं टोचलं नाही. सगळं उकरून काढलं, जाड खडी घातली, वर बारीक, दोन दिवस रोलर फिरवला. परवा गाडी थेट दाराशी आली. मी सदऱ्याची बटणं लावायला गेले तर ह्यांनी माझा हात धरला.

“नको. आता मला कुठे नेऊ नका.”

मी भांडले, ओरडले, पाया पडले. “तुझ्यामुळे नाही गं,” म्हणाले. मेलं, तेच ऐकवेना. अर्धा तास थांबून गाडी रिकामी परत गेली. वाटेवर चाकाची खूणसुद्धा उमटली नाही.