आभाळातली हळद

ओता चहा, सांगते. हसणार तर आहातच, निदान घोट गिळून हसा. मी शास्त्रज्ञ आहे, दिल्लीत सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि मी ढगांच्या वर हळद शोधून काढलेली आहे. हो, हळद. भाजीत घालतो ती!

तर आमची ठमी. ठमी म्हणजे यंत्र, साधारण पोळ्यांच्या डब्याएवढं. वर एक नळी, आत पंप. हवा ओढायची, त्यातली धूळ पकडायची आणि ती कशाची आहे ते सांगायचं, एवढंच तिचं काम. परग्रहावर जाणाऱ्या यानात ठमीला बसवायचं म्हणून मी कैक वर्षं धडपडतेय. यानात जागा एकच. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेलं दुसरं यंत्र आमच्याच मजल्यावरच्या त्यागीजींचं. त्यागीजी माणूस चांगला. तेच तर वाईट, धड भांडताही येत नाही.

निवडीआधी ठमीची परीक्षा होती. खोक्यात घालून दक्षिणेत पाठवायची, तिथे भल्यामोठ्या फुग्याला बांधून ढगांच्याही वर सोडायची. निघायच्या आदल्या दिवशी सांगलीहून आईचा फोन आला.

"उद्या निघते ना गं ठमी? कुंकू लाव हो तिला. घरची पोर अशीच बाहेर पाठवू नये."

"आई, मशीन आहे ती!"

"स्कूटरला लावलं होतंस ना? मग?"

आता याला काय उत्तर आहे? तुम्हीच सांगा! लावलं. आईने घरी केलेलं, कोरडं कुंकू. पण मी काही अडाणी नाही हं. यंत्राला बोटसुद्धा लावलं नाही. नळीच्या तोंडावर टोपण असतं, त्याच्यावर लावलं. टोपण काय, उडायच्या आधी काढूनच टाकतात! चांगला विचार करून केलेलं काम आहे ते. वर दोन अक्षता टाकल्या. माझी सहाय्यक निलोफर शेख शेजारीच उभी होती. घर सोलापूरचं, पण पोरगी वाढली सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये.

"मॅडम, अक्षता मतलब?"

"तांदूळ गं."

"अच्छा. तांदूळ चालतात. आणि मला काल काजळ पुसायला लावलंत, लॅबमध्ये धूळ नको म्हणून."

"तू जाणारेस का फुग्याला लटकून?" मी म्हटलं, खोकं बंद केलं आणि ते सगळं विसरूनही गेले.

ठमी उडाली. वरून आकडे यायला लागले. लाल कण! जमिनीजवळ लाल, ढगांत लाल, ढगांच्या वरही लाल. कशाचे? ठमी म्हणते, हळद आणि चुना. खरं तर वर जावं तशी धूळ कमी व्हायला हवी. ही कमी व्हायचं नावच घेईना. दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. मला आनंद झाला.

"मॅडम, एकदा नळी उघडून बघूया का?" निलोफर म्हणाली.

"ठमी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. आणि तशीच निवड समितीपुढे जाऊन उभी राहिले.

त्यागीजीही आपल्या यंत्रासाठी तिथे आलेले होते. त्यांनी फार अदबीने विचारलं, "मॅडम, आसमान में हल्दी? सेन्सर थोड़ा गंदा तो नहीं रह गया?"

गंदा! माझी ठमी गंदी! तळपायाची आग मस्तकात गेली. तडक उठले आणि फळ्यावर भारताचा नकाशा काढला. त्यात सांगली जरा मोठीच काढली.

"देखिए, हमारे सांगली में हल्दी का बहुत बड़ा मार्केट है. सीझन में सब पीला ही पीला. वही बारीक धूल गरम हवा के साथ ऊपर उठती है." आणि सांगलीपासून थेट ढगांच्या वर एक झोकदार बाण काढला.

काय सांगू, समिती मान डोलवायला लागली हो! एकाने फळ्याचा फोटो काढला. डायरेक्टरसाहेब प्रेस नोटचं बोलायला लागले. अध्यक्ष खन्ना मॅडमनी फक्त एकच विचारलं.

"हल्दी तो पीली होती है. ये लाल कैसे?"

"सिंपल है, मॅडम! हल्दी में चूना मिलाओ तो लाल हो जाती है. हमारे यहाँ तो घर में बनाते हैं. उसी को तो हम कुंकू…"

मी थांबले.

बाण फळ्यावर तसाच होता. निलोफर टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होती. पडलेलं काहीच नव्हतं.

"आगे बोलिए ना, मॅडम," त्यागीजी म्हणाले. किती प्रेमाने म्हणाले, मेले!

सांगावं लागलं. आई, स्कूटर, टोपण, अक्षता, सगळं. टोपण काढताना कुंकू नळीत सांडलं असणार आणि ठमी बिचारी वरपर्यंत तेच हुंगत गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांची मेहनत माझ्याच बोटाने घालवली, असं वाटून भर समितीत रडूच फुटलं मला.

मला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने आत बोलावलं.

"यंत्र सिलेक्ट झालंय," खन्ना मॅडम हिंदीत म्हणाल्या. "एवढ्या थंडीत, एवढ्या उंचीवर, चिमूटभर पावडर बिनचूक ओळखली. और क्या चाहिए? बस, एक शर्त है."

"कोणतीही, मॅडम!"

"यानात बसवेपर्यंत ते बनवणाऱ्या बाईंना त्याच्या जवळ फिरकू द्यायचं नाही."

अट मताला टाकली. सगळ्यांनी हात वर केले. शास्त्रज्ञ म्हणून विचार केला तर अट योग्यच होती. मीही हात वर केला.